पणजीची सवत

माझ्या पणजोबांचं दुसरं लग्न मी लावलं. तेही ते जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, सगळ्या भावकीच्या साक्षीनं आणि आठ बाय चारच्या फ्लेक्सवर.

त्याचं असं झालं. लासलगावच्या माझ्या चुलत भावानं, जो कांद्याच्या व्यापारात आहे, नवा बंगला बांधला. वास्तुशांतीला दर्शनी भिंतीवर घराण्याची वंशावळ लावायची अशी त्याची हौस, आणि ती काढायची कोणी, तर मी. कारण काय, तर मी वाचतो. खरं कारण असं की माझं नाशकात गंगापूर रोडला ठिबक सिंचनाचं दुकान आहे आणि दिवसभर मी कागदावर शेताचे नकाशे काढत असतो. मेन लाइन, तिच्यातून सबमेन, सबमेनमधून बारीक नळ्या. वंशावळही मी तशीच काढली. वर पणजोबांची मेन लाइन, खाली तीन मुलांच्या तीन फांद्या, मग नातवंडं, पतवंडं, अगदी टोकाला परवा जन्मलेलं एक बाळ. आमच्या घराण्यात पाणी शेवटच्या झाडापर्यंत नीट पोचलेलं दिसत होतं. मी स्वतःवर खूश होतो.

पणजोबांच्या बायकोपाशी मात्र मला दोन नावं सापडली होती. एक रामकुंडावरच्या आमच्या उपाध्यांच्या वहीत, ते नदीचं नाव. दुसरं आत्याच्या घरातल्या तांब्याच्या हंड्यावर कोरलेलं, ते धान्याच्या देवीचं. आमच्याकडे कधीच न ठेवलं जाणारं नाव. नावं दोन म्हणजे बायका दोन, इतका सोपा हिशोब मी केला आणि पणजोबांच्या मेन लाइनला डावीउजवीकडे एकेक जोड दिला.

वास्तुशांतीला आलेले पाहुणे फ्लेक्ससमोर थांबून फोटो काढत होते. "म्हातारा लय हौशी होता की!" असं म्हणत एक मेव्हणे पोट धरून हसले. मलाही जरा मजा वाटली. मग जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन उभ्या असलेल्या एका वयस्कर पाहुण्यानं शेजारच्याला सांगितलं, "ती दुसरी ना, डोंगरातून आणलेली." शेजारच्यानं पुढच्याला सांगितलं. जिलेबीच्या टेबलापर्यंत जाताजाता त्या वाक्यातला डोंगर गळून गेला आणि नुसतं 'आणलेली' उरलं.

तेवढ्यात माझी आत्या फ्लेक्ससमोर येऊन उभी राहिली. वडिलांची थोरली बहीण. आता त्या पिढीतली ती एकटीच राहिलीय. चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरावर बोट ठेवून वाचते, पण फ्लेक्स उंच होता, म्हणून काठी ठेवून वाचलं तिनं.

"ही दुसरी कोन रे?"

"पणजोबांची दुसरी बायको, आत्या. तुझ्याच हंड्यावर नाव आहे की."

"अरे येड्या," आत्या म्हणाली, आणि आजूबाजूच्या फोटोवाल्यांनी फोन खाली घेतले, "ती एकच बाई. माझी आजी. एक नाव माहेरचं, एक सासरचं. सवत आनलीस तिच्यावर, अन् ती पन तिचीच तिला!"

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. इतर कोणाच्या नाही तरी माझ्या. माझ्या लग्नात आईनं ताटात तांदूळ पसरून माझ्या हातात अंगठी दिली होती आणि त्या तांदळात मी माझ्या बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. नाव आईनं काढलेलं, अक्षर माझं. तेव्हापासून बायकोचं जुनं नाव फक्त तिची आई घेते, तेही फोनवर. इतकं सगळं स्वतःच्या हातानं केलेला माणूस पणजोबांना मात्र सरळ दोन बायका देऊन मोकळा झाला.

आत्यानं मला मनगटाला धरून बंगल्याच्या मागे नेलं, जिथं आचाऱ्यांची भांडी घासणं चाललं होतं.

"तू ऐकलंस का, ते काय म्हनले जेवताना?"

"जाऊ दे ना आत्या. लोक काय..."

"मी लहानपनापासून ऐकत आले. आनलेली. तोंडावर नाय कोनी म्हनायचं, पन ऐकू यायचं. माझी आई बाळंतरोगात गेली, मला त्या बाईनं वाढवलं. तिच्या माहेराहून कधी कोनी आलं नाय. ती कधी गेली नाय. मी विचारलं की म्हनायची, लांब हाय. आज तुझ्या त्या बोर्डापायी पुन्यांदा तेच निघालं. आता तूच शोध. लगनाची होती का नव्हती, तेवढं सांग मला."

"असणारच, आत्या."

"असनारच नको." तिनं मनगट सोडलं. "माझं मन राखाया बोलू नको. नव्हती तर नव्हती म्हन. पन मी मरायच्या आत सांग, अन् खरं सांग."

तिथून माझं बूड काही एका जागी ठरेना.

पहिल्यांदा रामकुंड गाठलं. आमच्या गावाची वही ज्यांच्या घराण्याकडे आहे ते गुरुजी मला ओळखतात, कारण फ्लेक्ससाठी मी त्यांचं डोकं खाल्लं होतं. वहीत लिहिलंय म्हणजे दगडावरची रेघ, अशी माझी समजूत होती. "पत्नी म्हणून नाव आहे ना वहीत? म्हणजे लग्न झालंच होतं ना?" मी विचारलं. गुरुजींनी चष्मा वर केला.

"अहो, तुमचे पणजोबा इथं आले, त्यांनी सांगितलं, आमच्या आजोबांनी लिहिलं. लग्नाला आम्ही थोडेच गेलो होतो?"

इतकं साधं वाक्य, पण मी घाटाच्या पायऱ्या चढेपर्यंत ते माझ्या कानात वाजत राहिलं. त्या दिवशी मी स्वतःपुरता एक नियम केला. एकाच तोंडून निघालेली गोष्ट दहा ठिकाणी लिहिलेली असली तरी ती एकच. एकमेकांचं ऐकलेलं नाही अशा दोघांनी तीच गोष्ट सांगितली, तर तिच्याकडे बघायचं.

नियम छान होता. दोघं मिळणार कुठून?

तहसिलीच्या अभिलेख कक्षात फेऱ्या सुरू झाल्या. हल्ली आमच्या जिल्ह्यात ज्याला त्याला आपला पणजोबा हवा असतो, कोणाला कोणत्या दाखल्यासाठी, कोणाला कोणत्या. त्यामुळे तिथं रांग असते, आणि रांगेत सगळेच एकमेकांकडे संशयानं बघतात, जणू पणजोबा एकच शिल्लक आहे. जुने कागद मोडीत. म्हणून रविवारी मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. वर्गात सगळे निवृत्त लोक, त्यांना घाई नव्हती. घाई मला होती, म्हणून मीच सगळ्यात मागे राहिलो. शेवटी मला आकडे आणि 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं वाचता यायला लागलं. पण एक फेरफार सापडला, दुसऱ्याकडून वाचून घेतला: पणजोबांच्या मागे वारस तीन मुलगे आणि विधवा. विधवा! मी तसाच लासलगावला, भावाच्या बंगल्याशेजारी राहणाऱ्या आत्याकडे गाडी मारली.

आत्या लसूण सोलत होती. तिनं ऐकून घेतलं.

"तलाठ्याला कोन सांगनार होतं का, हिचं लगीन झालं नाय म्हनून?"

माझा नियम माझ्याच आत्यानं माझ्यावर चालवला. मी तिथंच बसून मुकाट लसूण सोलू लागलो.

चुलत भावानं पहिल्यांदा उत्साहानं विचारलं, "डोंगरातली म्हणजे... काही दाखला-बिखला निघतो का त्याच्यावर?" नाही म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. "मग कशाला उकरतो? पोरींची लग्नं व्हायचीत अजून." त्यानं तो फ्लेक्स काढून मागच्या कांद्याच्या चाळीवर पालथा बांधला होता. वारा आला की एक कोपरा उलटायचा आणि पणजोबांच्या दोन्ही बायका दिसायच्या.

दुकानात माझं लक्ष लागेना. गिऱ्हाईक सोळाची नळी मागायचं, मी वीसची काढून द्यायचो. घरी जेवताना उठून कपाटातला कागद बघून यायचो. बायको म्हणायची, "अहो, घास तरी गिळा. पणजी कुठं पळून जात नाहीत."

मग वसुबारस आली. त्या दिवशी सगळीकडे गायवासराची पूजा होते. आमच्या घरात तीही होते आणि वाघाचीही. पाटावर शेंदरानं वाघ काढायचा, वर सूर्य नि चंद्र, आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, एक लहान भाकरी ठेवायची. घरातल्या थोरल्या सुनेनं हे करायचं आणि तेवढा वेळ पुरुषांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. का, तर तसंच. लहानपणी मला सांगितलं होतं की उसात बिबट्या येतो म्हणून. निफाडकडे बिबट्या येतोच, त्यामुळे मला ते पटलं. पुढं आम्ही गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आलो, तर बिबट्या तिथंही येऊन गेला. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर हे चालू ठेवण्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. नंतर ती भाकरी मोडून अर्धी बाल्कनीच्या कठड्यावर जाते आणि अर्धी मला मिळते. ती नेहमी एका बाजूनं कच्ची असते. इतकी वर्षं मी समजत होतो की सणाच्या गडबडीत बायकोचं तव्याकडे लक्ष राहत नाही. मोठ्या मनानं मी कधी बोललो नाही.

या वेळी मी भिंतीकडे तोंड करून बसलो खरा, पण चैन नव्हतं. वळून बघितलंच. वाघाची शेपटी वर जाऊन स्वतःभोवतीच दोन वेढे घेत होती.

"शेपूट चुकलंय," मी म्हणालो.

"भिंतीकडे बघा," बायको म्हणाली. "आणि चुकलेलं नाही. सासूबाईंनी अशीच शिकवली, दोन वेढ्यांची. त्यांना त्यांच्या आजेसासूनं. तक्रार असेल तर वर करा."

मी मोजलं. आईची सासू म्हणजे माझी आजी, ती तर आधीच गेलेली. आईची आजेसासू म्हणजे आजीची सासू. म्हणजे पणजी. मी उठलो आणि पाटाचा फोटो काढला.

पणजोबा बैलगाडीतून डोंगरातल्या बाजारांना कांदा न्यायचे आणि येताना भात नि नागली आणायचे, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून पेठ, सुरगाणा, हरसूल कुठूनही गिऱ्हाईक आलं की मी पाइप दाखवायच्या आधी वाघ दाखवू लागलो. बहुतेकांनी मान हलवली. हरसूलकडचा एक मोगरा लावणारा शेतकरी मात्र फोन हातात घेऊन थांबला. "हा तर आमच्या शिवंवरचा वाघदेव. दगडात हाय. पन तुमच्याकडं कसा आला?"

दुसऱ्याच दिवशी मी निघालो. बायको म्हणाली, "मी येऊ?" मी म्हणालो, "तू काय करणार तिथं?" हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय.

हरसूलच्या पुढं, मोगरेवाल्याच्या पाड्याच्या शिवेवर सादड्याच्या झाडाखाली दगड होता. शेंदूर इतका चढलेला की सूर्यचंद्र फुगल्यासारखे दिसत होते. पण शेपटी स्पष्ट होती. दोन वेढे. मी बोट फिरवून बघितलं. मोगरेवाला म्हणाला, "चला, या देवाचा मान ज्यांच्या घरात हाय त्यांच्याकडं नेतो."

शेवटचं घर. कुडाच्या भिंती, वर नवे पत्रे. अंगणात माझ्याच वयाचा एक माणूस भाताच्या पेंढ्या रचत होता. मी पेढ्यांचा पुडा पुढं केला, काखेतली जाड फाइल सावरली आणि गाडीत घोकलेलं वाक्य म्हटलं, "आपण नातेवाईक असू असं मला वाटतं."

त्यानं पुड्याकडे बघितलंच नाही. फाइलकडे बघितलं.

"दाखला पायजे का?"

"नाही नाही."

"मागल्या साली एक जन आले होते. गाडीतूनच. असेच, आजा आमचा तुमच्यातला म्हनले. पेढे बी होते. मागून सही पायजे म्हनले." तो पेंढी ठेवून सरळ उभा राहिला. "आमचे पोरांचे राखीव जागा हायेत त्या. त्याच्यावर लोकांचा डोळा हाय."

मी फाइल उघडून दाखवू लागलो, की बघा, यात तसलं काही नाही, हा फेरफार, ही वहीची नक्कल. जितकी पानं उलटत गेलो तितका त्याचा चेहरा बंद होत गेला. गेले कित्येक महिने मी ज्याला पुरावा म्हणत होतो, त्यामुळेच मी त्या अंगणात चोर दिसत होतो.

"फाइल गाडीत ठेवा," तो शेवटी म्हणाला. "मग च्या घेऊ."

फाइल ठेवून आलो. चहा आला, कोरा. मी कामाधंद्याचं विचारलं. तो द्राक्षांच्या हंगामात दर साल खाली निफाडकडे बागेत कामाला जातो, असं कळलं. गाव विचारलं तर आमच्या शेजारचंच. बाग कोणाची, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आमच्या चुलत भावाला द्राक्षंही आहेत.

एवढा वेळ दारात बसलेली त्याची म्हातारी आई मला न्याहाळत होती. तिनं माझं गाव, नाव काही विचारलं नाही. म्हणाली, "तुम्ही वाघाला काय ठेवता?"

"भाकरी. नागलीची."

"कशी?"

"कशी म्हणजे... गोल."

मोगरेवाला हसला. म्हातारी हसली नाही. "ठेवताना काय बोलता?"

मला माहीत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून बसतो, हे मी सांगितलं. ऐकताना ते मलाच इतकं खोटं वाटलं की मी फोन काढला. रेंज नव्हती. रेंज शाळेच्या पायरीवर येते म्हणाले. मग आम्ही सगळे शाळेच्या पायरीवर गेलो: मी, तो, मोगरेवाला, काठी टेकत म्हातारी आणि वाटेत सामील झालेला निम्मा पाडा. फोन लावून स्पीकर चालू केला.

"जेवलात का?" बायकोचा आवाज सगळ्या पाड्यानं ऐकला.

"ते राहू दे. वाघाला भाकरी कशी ठेवतेस? काय म्हणतेस?"

"अहो, ते पुरुषांनी ऐकायचं नसतं."

"अगं, इथं मला कोणी खरं मानत नाहीये!"

"म्हणून म्हटलं होतं, मी येऊ का." मग जरा थांबून, "कोण आहे तिथं?"

म्हातारी फोनवर वाकली. "मी हाय. बोल बाई."

बायकोनं आवाज बदलला. माझ्याशी बोलताना असतो त्यापेक्षा पुष्कळ मऊ. "आजी, भाकरी अळणी. एकाच बाजूनं भाजायची, उलटायची नाही. कच्ची बाजू वर ठेवायची. मग मोडायची आणि म्हणायचं, तुझं रान तुला..."

"आमचं पोर आम्हाला," म्हातारीनं पुरं केलं.

मग बायको म्हणाली, "हो. तेच."

मी त्या कच्च्या अर्ध्या भाकरीचा विचार करत उभा होतो. इतकी वर्षं मी मोठ्या मनानं माफ करत होतो ती.

"आमच्यात गडी ठेवतात वाघाचं," म्हातारी म्हणाली. "बाया नाही. तिला तिथं आपला गडी कोन होता? तिनंच ठेवलं असंल." आणि मग, आपण आधी नाव सुचवायचं नाही म्हणून मी जीभ दाताखाली धरून ठेवलेली असताना, ओठांवर आलेलं नाव महत्प्रयासानं गिळत असताना, तिनं स्वतःहून हंड्यावरचं नाव घेतलं. धान्याच्या देवीचं. "माझ्या आजेसासऱ्याची बहीन. खाली गेलेली. सासू सांगायची."

आता विचारायचं ते विचारलंच पाहिजे होतं. मी शाळेच्या पायरीवर निम्म्या पाड्यासमोर चाचरत विचारलं, की तिचं लग्न झालं होतं का.

"झाला तर. मागून झाला."

"मागून?"

तिचा मुलगा मला समजावू लागला, आता त्याच्या बोलण्यातली धार गेली होती. त्यांच्यात पूर्वी दोघं राहायला लागायचे, घर मांडायचे. लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न. कधीकधी पोरं झाल्यावर. त्यात कोणाला काही वाटायचं नाही.

"कांदेवाला बाजाराला यायचा, ही त्याच्यासंगं गेली," म्हातारी सांगत होती. "मग दोनतीन पावसाळे काय पत्ता नाही. आनी एक दिवस कांद्याच्या गाडीवर तिघं आले. तो, ही, आनी एक पोरगा. तो म्हनला, तुमच्या रीतीनं लगीन लावा, खाली माझ्या लोकांत मला कोन लावू देईना. ढवळेरी बोलावली." ढवळेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, मोगरेवाल्यानं हळूच सांगितलं. "पोरगा ढोलाला भिऊन रडाया लागला. मांडवातून उठंना, आईला सोडंना. मग माझ्या सासूच्या सासूनं त्याच्या तोंडात गूळ कोंबला, तवा लगीन पुरा झाला. गाडीभर कांदे पाड्यानं किती दिवस खाल्ले!"

तो पोरगा म्हणजे माझे आजोबा. आत्याचे वडील.

परतताना घाटात मी दोनदा गाडी थांबवून खाली उतरलो, काही कारण नसताना. आत्याला काय सांगायचं? 'लग्न झालं होतं' एवढ्यावर थांबलं तर ते खोटं नव्हतं. पुढचं सांगितलं तर तिच्या आजीची अब्रू वाचवायला निघालेलो मी तिच्या वडिलांच्या जन्मावर बोट ठेवून येणार होतो. शिवाय माझा नियम. लग्नाची गोष्ट एकाच तोंडून आली होती. वाघ, भाकरी, नाव सगळं जुळलं, पण त्यानं बाई तिथली ठरते, लग्न ठरत नाही. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगून म्हणालो, "अर्धंच सांगावं का?"

"अर्धी भाकरी तुमच्यासाठी असते," ती म्हणाली. "त्यांनी खरं मागितलंय."

लासलगावला आत्या ओट्यावर बसून कांदे निवडत होती, चांगले एकीकडे, कोंब आलेले एकीकडे. चाळीवरचा फ्लेक्स फडफडत होता. मी समोर बसलो आणि सांगितलं. डोंगर, दगड, भाकरी, कांद्याची गाडी, मागून झालेलं लग्न. "आणि आत्या, त्या गाडीवर एक पोरगा होता. लग्नात तो मांडवात होता." एवढं बोलून मी खाली बघितलं. गुळाचं वगैरे मी काही सांगितलं नव्हतं, धीरच नव्हता.

आत्याचा हात कांद्यावर थांबला. मग म्हणाली, "गूळ."

"काय?"

"गूळ दिला होता का त्याला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"माझा बाप म्हनायचा. कोनाच्याही लगनात जेवाया बसला की म्हनायचा, मी माझ्या आईबापाच्या लगनात गूळ खाल्लाय, तुमच्या जिलेबीचं काय सांगता. सारी पंगत हसायची. आम्ही बी हसायचो. वाटायचं, चेष्टा करतोय." ती पदरानं डोळे पुसू लागली, पण हसतही होती. "खरं सांगत होता की रे तो. भरपंगतीत सांगत होता, अन् कोनी ऐकलंच नाय."

ज्यांनी एकमेकांचं कधी ऐकलं नाही असे दोघे मला मिळाले होते. पण त्या वेळी मला नियम आठवला नाही, नंतर आठवला.

"म्हंजी लगनाची होती," आत्या म्हणाली.

"होती. मागून."

"मागून का होईना. पोर झाल्यावर पळून बी जातात गडी. हा गाडी जुपून गेला." तिनं एक कोंब आलेला कांदा बाजूला टाकला. "भावाला सांग, एक गोन काढून ठेव. चांगला कांदा. डोंगरात पोचवून ये. अन् फाइल नेऊ नको."

भावानं गोणी दिली. कशासाठी ते विचारलं, मी सांगितलं. मग दुसरीही आणून गाडीत टाकली. पाड्यावरून येताना माझ्या गाडीत नागलीचं पीठ होतं, आणि तो माणूस म्हणाला होता, "हंगामात येतोच खाली." या खेपेला बाग कोणाची ते त्यानं सांगितलं. हो, तीच.

फ्लेक्स पुन्हा छापायला कोणी सांगितलं नाही. पण मला राहवेना. मी दुकानातल्या नकाशाच्या कागदावर वंशावळ नव्यानं काढली. पणजोबांचा एकच जोड, त्यावर पणजीची दोन्ही नावं, शेजारी शेजारी. लग्नाची रेघ आजोबांच्या जन्माच्या खाली आली. ठिबकच्या नकाशात असं केलं असतं तर गिऱ्हाईकानं मला वेड्यात काढलं असतं. संध्याकाळी कागद स्वयंपाकघरात ओट्यावर पसरला आणि बायकोला बोलावलं.

तिनं हात पुसले. वरून खाली बोट नेत आली, पणजीपाशी थांबली, मान डोलावली. मग आणखी खाली आली, माझ्या नावाशेजारी, जिथं मी तांदळात लिहिलेलं एकच नाव होतं. तिथं तिचं बोट बराच वेळ राहिलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "आता माझी सवत कधी आणताय? नाव आठवतंय ना तिचं?"